सर्व्हर माळ्यावर ठेवावा की क्लाउडवर? (होलसेल दुकान, ९ माणसं, १ टॅली)

बेदाणाबॉक्स | १३ जानेवारी, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

सांगलीला गणपती पेठेत आमचं किराणा-सुकामेव्याचं होलसेल दुकान आहे, आजोबांपासूनचं. कुपवाडला गोडाऊन. सीझनला तासगावच्या सौद्यात बेदाणा घ्यायचा आणि कोल्ड स्टोरेजला लावायचा. नऊ माणसं कॉम्प्युटरवर बसतात आणि सगळ्यांची टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) एकाच सर्व्हरवर चालते. सर्व्हर २०१४ चा. त्यावर विंडोज सर्व्हर २०१२ आहे आणि त्याचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं ऑक्टोबर २०२३ लाच संपवलाय.

२०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी ४५). पेठेत पाणी शिरलं तेव्हा अण्णांनी गल्ल्याच्या आधी सर्व्हर काढायला लावला. वायरी सोडवायला वेळ कुठला? दिवाणजींनी सुतळी कापायच्या सुरीनं कापल्या आणि मी तो डबा पोत्यासारखा डोक्यावर घेऊन जिना चढलो. तेव्हापासून सर्व्हर माळ्यावर, ब्याडगीच्या पोत्यांशेजारी. एप्रिलमध्ये वरचा पत्रा तापला की पंखा गिरणीसारखा ओरडतो, मग दिवाणजी त्याच्यासमोर टेबलफॅन लावतात. आणि मिरचीनं सर्व्हरलासुद्धा ठसका लागतो की काय देव जाणे, वर्षातून दोनदा आतली धूळ लाल निघते.

आता हार्डवेअरवाल्यानं नव्या सर्व्हरचं कोटेशन दिलंय: २ लाख ६५ हजार, एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) वेगळी. दुसरा एकजण म्हणतो सर्व्हर घेऊच नका, 'टॅली ऑन क्लाउड' घ्या, माणशी महिना ७५० रुपये.

मला क्लाउड एवढंच कळलंय: आपण बेदाण्यासाठी स्वतःचं कोल्ड स्टोरेज बांधत नाही. दुसऱ्याचं असतं, बॉक्समागे भाडं देतो, कॉम्प्रेसर बिघडला तर डोकेदुखी त्याची. तसंच ना हे? अण्णांचा प्रश्न मात्र वेगळा आहे. "कोल्ड स्टोरेजची पावती माझ्या खिशात असते. ह्याची पावती कुठंय?" मला उत्तर देता आलं नाही.

---

चहाटळ | १३ जानेवारी, रात्री ११:०५

सर्व्हर ढगात नेला तर पावसाळ्यात डेटा पडणार काय हो खाली? हलके घ्या.
बाकी लाल धुळीचा सर्व्हर हा मुद्देमाल जपून ठेवा. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

रात्रपाळी | १४ जानेवारी, पहाटे २:१८

पुण्यात हेच काम करतो, क्लाउडवरच्या मशिनी सांभाळायचं. आयडीवरून वेळ कळली असेलच.

तुमची कोल्ड स्टोरेजची उपमा बऱ्याच ट्रेनिंगवाल्यांपेक्षा बरी आहे, तीच पुढे ओढतो. अमेरिकेतल्या एनआयएसटी या सरकारी संस्थेनं २०११ साली क्लाउडची व्याख्या लिहिली, ती आजही प्रमाण मानतात. त्यातली लक्षणं तुमच्या भाषेत अशी: हवी तेव्हा जागा स्वतःच घेता आली पाहिजे, मॅनेजरच्या पाया न पडता. कुठूनही पोचता आलं पाहिजे. एकाच इमारतीत अनेकांचा माल, पण एकमेकांच्या मालाला हात लागता कामा नये. सीझनला जागा वाढवायची, सीझन संपला की सोडायची. आणि वापर मोजून बिल. यातलं वाढवणं-सोडणं नसेल तर ती साधी भाड्याची मशीन झाली. वाईट नाही, पण तिला क्लाउडचे पैसे देऊ नका.

हे वाढवणं-सोडणं काय चीज आहे ते क्रिकेटवाल्यांना विचारा. १९ नोव्हेंबर २०२३ च्या वर्ल्ड कप फायनलला हॉटस्टारवर एका वेळी ५ कोटी ९० लाख लोक बघत होते. तेवढ्या मशिनी विकत घेऊन ठेवल्या असत्या तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं काय लोणचं घालायचं? तुमच्या दुकानाला हा फायदा फारसा नाही, हेही सांगून टाकतो. नऊ माणसं दिवाळीत फार तर बारा होतील.

आता घ्यायच्या तीन तऱ्हा.

पहिली, रिकामी खोली. मशीन, डिस्क, नेटवर्क भाड्यानं, आतलं सगळं तुम्ही लावायचं. ॲमेझॉननं २००६ मध्ये आधी साठवणूक आणि मग मशिनी अशा भाड्यानं द्यायला सुरुवात केली, तिथून हा धंदा वाढला. दुसरी तऱ्हा सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांसाठी, रॅक लावून तयार खोली म्हणा. तुम्हाला ती लागणार नाही. तिसरी, तयार सॉफ्टवेअर. जीमेल, झोहो बुक्स वगैरे. ब्राउझर उघडा, काम करा, खाली कुठली मशीन आहे याच्याशी तुम्हाला देणंघेणं नाही.

गोंधळ इथे आहे: 'टॅली ऑन क्लाउड' ऐकायला तिसऱ्या तऱ्हेचं वाटतं, असतं पहिल्या तऱ्हेचं. टॅली हे मुळात कॉम्प्युटरवर बसवायचं सॉफ्टवेअर. ते कुठल्यातरी डेटा सेंटरमधल्या विंडोज मशीनवर बसवतात आणि तुम्ही रिमोट डेस्कटॉपनं त्या मशीनचा पडदा दुकानात बघता. म्हणजे त्या मशीनचे अपडेट, अँटिव्हायरस, बॅकअप हे कुणीतरी करायचंच आहे. ते 'कुणीतरी' कोण, हे कोटेशनवर लिहून घ्या. रिमोट डेस्कटॉपचं मायक्रोसॉफ्टचं लायसन्स माणशी वेगळं लागतं. फारच स्वस्त देणारा ते कुठून आणतो, हेही विचारा.

मशीन देशाबाहेर असण्याची आता गरज नाही. मायक्रोसॉफ्टची पुणे, मुंबई, चेन्नईतली डेटा सेंटरं २०१५ पासून आहेत, ॲमेझॉनचं मुंबई २०१६ पासून आणि हैदराबाद २०२२ पासून, गुगलचं मुंबई आणि दिल्ली. सांगलीहून मुंबईच्या मशीनवर काम करताना की दाबली आणि अक्षर उमटलं यात जाणवण्याइतका फरक पडत नाही, लाइन धड असेल तर.

अण्णांच्या पावतीवर उद्या लिहितो. प्रश्न खरा तोच आहे.

---

सूतगिरणीचाभोंगा | १४ जानेवारी, सकाळी ९:३०

माझा अनुभव लिहितो, लाज वाटते तरी. इचलकरंजीत आमचा सुताचा व्यापार आहे. मला रात्री घरून टॅली बघायची हौस. आमच्या हार्डवेअरवाल्यानं राउटरमध्ये रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ नंबरचं पोर्ट (नेटवरून आत यायचं दार) सरळ उघडून दिलं. पासवर्ड दुकानाचं नाव आणि १२३.

एका सोमवारी सकाळी पोरानं फोन केला, "मालक, फाइलींची नावं बदलल्यात." प्रत्येक फाइलीच्या शेवटी कसलंतरी लांबलचक शेपूट आणि डेस्कटॉपवर एक चिठ्ठी, पैसे पाठवा मग किल्ली देऊ. बॅकअप होता ना आमच्याकडे! रोज रात्री होत होता, सर्व्हरलाच खोचून ठेवलेल्या डिस्कवर. तीही कुलूपबंद.

पैसे दिले नाहीत. सीएच्या ऑफिसात मार्चअखेरचा डेटा सापडला आणि पुढचे साडेचार महिने बिलबुकांवरून दोन मुलींनी परत चढवले. येणं किती राहिलं ते अजून दोन पार्ट्या मान्य करत नाहीत.

सांगायचं असं की हीच मशीन मुंबईत असती आणि तेच पोर्ट, तोच पासवर्ड असता, तर तिथंही हेच झालं असतं.

---

हिशेबनीस | १४ जानेवारी, दुपारी १:१०

मी सीए आहे. तांत्रिक बाजू वरच्यांनी लिहिली, मी कायद्यापुरतं.

तुमची फर्म प्रोप्रायटरी, भागीदारी की प्रायव्हेट लिमिटेड? कंपनी असेल तर कंपनी (लेखे) नियम २०१४ मधला नियम ३ लागतो. इलेक्ट्रॉनिक हिशेबाचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर हवा. आधी तो 'ठरावीक काळानं' घ्यायचा होता, ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनंतर रोज. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी, कधी, काय बदललं याचा एडिट लॉग हवा आणि तो बंद करता येता कामा नये. प्रोप्रायटरी आणि भागीदारीला हे बंधन नाही.

जीएसटीची वह्या-कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपायची. ते सगळ्यांनाच लागू. म्हणजे क्लाउडवाला बदललात तरी जुन्या वर्षांचा डेटा उघडता आला पाहिजे, आणि 'उघडता' म्हणजे टॅलीत. पीडीएफचा गठ्ठा घेऊन अधिकाऱ्यासमोर बसलेले क्लायंट मी पाहिलेत.

खातं उघडताना फर्मचा जीएसटी नंबर टाका, १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळेल. अर्धे लोक मुलाच्या नावानं, मुलाच्या क्रेडिट कार्डावर खातं उघडतात आणि मग मार्चमध्ये मला फोन करतात.

मार्चवरून आठवलं: हलवाहलव करायची तर जानेवारीत उरका नाहीतर सरळ एप्रिलच्या मध्यावर. मार्चमध्ये टॅलीला हात लावलात तर तुमचा सीए तुम्हाला ओळख दाखवणार नाही.

---

बेदाणाबॉक्स | १४ जानेवारी, रात्री ९:५०

सगळ्यांचे आभार. आमची भागीदारी फर्म आहे. भोंगासाहेब, तुमचं वाचून जेवताना घास अडकला. आमच्या राउटरचं विचारलं तर हार्डवेअरवाला म्हणाला, "तेवढं असतंय सगळ्यांचं." आज बंद करून घेतलं.

हिशेब मांडला. क्लाउड: ९ × ७५० × १२ = वर्षाला ८१ हजार, पाच वर्षांचे ४ लाख ५ हजार. घरचा सर्व्हर: २ लाख ६५ हजार, एएमसीचे पाच वर्षांचे ९० हजार, यूपीएसच्या बॅटऱ्या एकदा तरी बदलणार म्हणून ३० हजार. वीज आमच्या वायरमननं मोजली, सतत २०० वॅट धरले तर वर्षाला १७५२ युनिट. १२ रुपयांनी वर्षाचे २१ हजार, पाच वर्षांचे १ लाख ५. एकूण ४ लाख ९०. म्हणजे चार आणि पाच लाखांच्या मध्येच दोघं. अण्णा म्हणाले, "मग भावावरून ठरवू नको. माल बघ."

---

जुनाखोंड | १५ जानेवारी, सकाळी ७:२०

सगळे क्लाउडच्या आरत्या ओवाळताहेत म्हणून उलटी बाजू.

बेसकॅम्प हे सॉफ्टवेअर बनवणारी ३७सिग्नल्स कंपनी २०२२ मध्ये क्लाउडवर ३२ लाख डॉलर घालवत होती. मालकांनी हिशेब केला, स्वतःचे सर्व्हर विकत घेतले आणि २०२३ मध्ये आपली ॲप्लिकेशनं बाहेर काढली. ज्याचं काम बारा महिने तेरा काळ सारखंच आहे, त्याला भाडं महाग पडतं. घराचं आणि टॅक्सीचं गणितही असंच असतं.

दुसरं, पैशापलीकडचं. गुजरातेत वाडीनारला नायरा एनर्जीची रिफायनरी आहे, त्यात रशियाच्या रोसनेफ्टचा ४९ टक्के वाटा. जुलै २०२५ मध्ये युरोपियन युनियननं निर्बंध लावले आणि मायक्रोसॉफ्टनं नायराच्या सेवा थांबवल्या. ईमेलसुद्धा. भारतातली कंपनी, भारतात धंदा, लायसन्सचे पैसे भरलेले. नायरा दिल्ली हायकोर्टात गेली, मग सेवा सुरू झाल्या. आपण किराणावाले, आपल्यावर युरोप कशाला रागावतोय, हे मान्य. पण दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी प्यायचं तर ओंजळ कोणाची ते बघून प्यावं.

---

रात्रपाळी | १५ जानेवारी, पहाटे... नाही, दुपारी ४:०५ (आज सुट्टी)

खोंडसाहेबांचे दोन्ही मुद्दे बरोबर आहेत. पहिल्यात एक पाचर: ३७सिग्नल्सकडे सर्व्हर सांभाळणारी हुशार माणसं पगारावर आहेत. बेदाणाबॉक्स यांच्याकडे दिवाणजी आणि टेबलफॅन आहे.

आता पावती. क्लाउडमध्ये पावती म्हणजे मुख्य खात्याचा लॉगिन. ज्या ईमेलवर खातं उघडलं, ज्या मोबाइलवर ओटीपी येतो आणि ज्याच्या नावानं बिल येतं, त्याचा माल. डीलर गोड बोलून स्वतःच्या खात्यात तुमची मशीन चालू करतो. त्यानं बिल थकवलं, किंवा तुमचं त्याचं बिनसलं, की मशीन बंद आणि तुम्ही क्लाउड कंपनीला फोन केलात तर तुम्ही त्यांच्या लेखी कुणीच नाही. म्हणून खातं फर्मच्या नावानं, ईमेल फर्मचा, मोबाइल अण्णांचा. डीलरला आतमध्ये वेगळा मर्यादित लॉगिन द्या, काम झालं की काढून घ्या.

दुसरी गोष्ट हमाली. या धंद्यात माल आत टाकायला फुकट, बाहेर काढायला पैसे. ॲमेझॉनला महिन्याला पहिले १०० जीबी बाहेर न्यायला फुकट, पुढे मुंबईतून जीबीला साधारण ११ अमेरिकन सेंट. तुमची टॅली चारपाच जीबीची असेल, तुम्हाला झळ बसणार नाही. व्हिडिओ, फोटो, डिझाइनवाल्यांनी मात्र हे आधी वाचावं. कायमचं सोडून जाणाऱ्याला ही हमाली माफ करायचं गुगल आणि ॲमेझॉननं २०२४ मध्ये जाहीर केलं, पण आधी अर्ज करावा लागतो.

तिसरी गोष्ट, जी नव्वद टक्के लोक गृहीत धरतात (हा आकडा माझ्या वैतागातून आलाय, सर्व्हेतून नाही): 'क्लाउडवर आहे म्हणजे बॅकअप आहेच.' तसं नसतं. इमारत, वीज, डिस्क जळणं हे त्यांच्याकडे. तुमचा पासवर्ड, तुमचा डेटा, तुमच्या माणसानं टॅलीत चुकून उडवलेली 'कंपनी' (म्हणजे फर्मचा सगळा हिशेब) हे तुमच्याकडे. ॲमेझॉनच्या एस३ साठवणुकीची रचनाच फाइल ९९.९९९९९९९९९ टक्के टिकावी अशी आहे, असं ते सांगतात. पण तुम्हीच डिलीट म्हणालात तर ती तितक्याच इमानदारीनं डिलीट होते.

आणि मोठ्यांचंही चुकतं. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं पाच मजली डेटा सेंटर जळालं. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांचा बॅकअपही गेला. मे २०२४ मध्ये गुगल क्लाउडनं ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचं प्रायव्हेट क्लाउडच चुकून उडवलं. सेटिंग करताना एक रकाना रिकामा राहिला होता. ६ लाखांहून जास्त सभासदांना आठवडाभर खातं दिसेना. फंडानं दुसऱ्या कंपनीकडेही प्रती ठेवल्या होत्या, म्हणून निभावलं. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला बॅटरीमुळे आग लागली, तिथं सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइलींचा ८५८ टीबीचा साठा गेला. त्याची दुसरी प्रत नव्हतीच.

सगळा बेदाणा एका कोल्ड स्टोरेजला लावता का हो तुम्ही?

---

बेदाणाबॉक्स | १५ जानेवारी, संध्या. ६:३३

छे! कायम दोन ठिकाणी. २०१९ नंतर तर एक सांगलीच्या बाहेरच.

---

वाशिष्ठीकाठ | १५ जानेवारी, रात्री १०:१५

मी चिपळूणची, आमचं औषधांचं होलसेल आहे. महापुराचा विषय निघाला म्हणून लिहितेय.

आम्ही २०२० मध्येच ऑनलाइन बिलिंग सॉफ्टवेअरवर गेलो होतो, वर सांगितलेली तिसरी तऱ्हा. सासऱ्यांचा सक्त विरोध होता. २२ जुलै २०२१ ला पाणी आलं तेव्हा दुकानातला माल, फ्रीज, तिन्ही कॉम्प्युटर सगळं चिखलात गेलं. डेटा सुरक्षित होता, पण आम्हाला काय त्याचं? वीज नाही, मोबाइलला रेंज नाही. चार दिवस ओल्या वहीवर पेन्सिलीनं लिहून औषधं दिली. क्लाउड क्लाउड करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, तिथवर जायचा रस्ताही लागतो.

पाचव्या दिवशी मी कऱ्हाडला नणंदेकडे गेले, तिच्या मुलाच्या लॅपटॉपवर लॉगिन केलं आणि २१ जुलैच्या रात्रीचं स्टॉक स्टेटमेंट छापलं. बॅचनंबरसकट बावीस पानं. विम्याचा सर्व्हेअर आला तेव्हा ते त्याच्या हातात ठेवलं. आमच्या रांगेतल्या दुकानदारांना आठवून आठवून याद्या लिहाव्या लागल्या आणि त्यांचे क्लेम महिनोन् महिने लोंबकळले. सासरे त्यानंतर विरोध करत नाहीत. कौतुकही करत नाहीत, पण ती बावीस पानं अजून कपाटात आहेत.

दुसरी बाजूही सांगते. दोन वर्षांनी त्या सॉफ्टवेअरवाल्यांनी दर दुप्पट केले. आम्ही बदलायचं ठरवलं तर म्हणे डेटा पीडीएफमध्ये देऊ. एक्सेल हवं असेल तर वेगळे चार्जेस. शेवटी दोघी जणी बसून दर महिन्याचे रिपोर्ट एकेक करून उतरवले. घेतानाच विचारा: जाताना काय देणार, कुठल्या स्वरूपात, आणि किती दिवसांत?

---

चहाटळ | १५ जानेवारी, रात्री १०:४०

ताई, दंडवत. यापुढे विनोद बंद. (आजच्यापुरता.)

---

वायरलेसबाबू | १६ जानेवारी, सकाळी ११:००

एक बारीक पण छळणारी गोष्ट कुणीच लिहिली नाही: प्रिंटर. होलसेलवाले अजून डॉट मॅट्रिक्सवर तीन प्रतीत बिल छापतात. मशीन मुंबईत आणि प्रिंटर पेठेत असला की बिल भलतीकडं सरकतं, कधी अक्षरं पुसट, कधी अर्धं पान कोरं. बारकोड, इलेक्ट्रॉनिक काटा आणि डिजिटल सहीचं टोकन यांचीही तीच रड. पैसे भरायच्या आधी एक आठवडा ट्रायल घ्या आणि ट्रायलमध्ये खरं बिल खऱ्या प्रिंटरवर छापा.

इंटरनेटच्या दोन लाइनी घ्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या. एक जमिनीखालून, दुसरी मोबाइलची. सांगलीत रस्ता खोदायला मुहूर्त लागत नाही.

आणि ९९.५ टक्के चालू राहण्याची हमी असं कोटेशनवर दिसलं तर गुणाकार करून बघा. महिन्यात साडेतीन तासांहून जास्त बंद राहिलं तरी ते हमीतच बसतं. हमी मोडली तर पुढच्या बिलात थोडी सूट मिळते, बुडालेल्या धंद्याची भरपाई नाही.

---

तिकडचापाहुणा | १६ जानेवारी, रात्री ११:५५

टोरांटोहून. चर्चा उत्तम, वाचनखूण साठवली आहे.
अवांतर: हिरवा बेदाणा आणि पिवळा यात फरक काय असतो?

---

बेदाणाबॉक्स | १७ जानेवारी, रात्री १०:२०

पाहुणे, हिरवा सावलीत शेडवर वाळतो, पिवळ्याला गंधकाची धुरी देतात. बाकीचं वेगळ्या धाग्यात, नाहीतर संपादक ओरडतील.

हार्डवेअरवाल्याला आज बोलावलं. रोज रात्री सर्व्हरची एक प्रत बाहेर, दुसऱ्या कंपनीकडं जायला लागली. एवढं तरी कालच करायला हवं होतं.

---

बेदाणाबॉक्स | ८ फेब्रुवारी, रात्री ९:१५

अपडेट देतो, धागा अर्धवट सोडणाऱ्यांचा मलाही राग येतो.

२६ जानेवारीला दुकान बंद होतं, त्या दिवशी टॅली मुंबईतल्या मशीनवर नेली. डीलर तोच, पण खातं फर्मच्या नावानं. त्यानं बरेच आढेवेढे घेतले, "असं कुणी मागत नाही साहेब." ओटीपी अण्णांच्या मोबाइलवर येतो. अण्णांनी तो नंबर आणि खात्याचं नाव एका कागदावर लिहून तिजोरीत ठेवलाय, कोल्ड स्टोरेजच्या पावत्यांच्या गठ्ठ्यात. पोर्ट उघडं नाही, आधी व्हीपीएन (नेटवरचा खासगी, कुलूपबंद रस्ता), मग पासवर्ड, मग मोबाइलवरचा कोड. मशीन सकाळी ८ ला सुरू, रात्री ९ ला आपोआप बंद, रविवारी सुट्टी. रात्रपाळींनी व्यनित (व्यक्तिगत निरोपात) सांगितलं होतं की तासावर भाडं असेल तर असं केल्यानं मशीनचे तास महिन्याच्या ७३० वरून ३४० च्या आत येतात. डिस्कचं भाडं मात्र मशीन झोपली तरी चालूच. जुना सर्व्हर माळ्यावर तसाच. जुनी वर्षं उघडायला.

आता गंमत. काल महिन्याचा पहिला शनिवार. भोंगासाहेबांचा धसका म्हणून बॅकअप खरंच उघडतो का ते बघायचं ठरवलं. रोज सकाळी मेल येत होता, 'बॅकअप सक्सेस'. प्रत उतरवली, भाच्याच्या लॅपटॉपवर टॅलीत उघडली. अकरा मिनिटांत उघडली, मी खूश. दिवाणजींनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "शेवटचं बिल २४ तारखेचं दिसतंय की ओ."

१७ तारखेला प्रत घ्यायचं सेटिंग केलं तेव्हा ते माळ्यावरच्या सर्व्हरचं केलं होतं. २६ ला टॅली हलली, सेटिंग कुणी हलवलंच नाही. माळ्यावरच्या सर्व्हरमधली शेवटची फाइल तशीच गोठून राहिली आणि पुढे रोज तीच जुनी फाइल इमानेइतबारे जात होती. बारा दिवस आमचा बॅकअपच नव्हता आणि मेल मात्र सक्सेस! काल रात्री दुरुस्त केलं, आज परत उघडून बघितलं, कालचं शेवटचं बिल आलं. बाहेरची प्रत आता हैदराबादला जाते आणि ३० दिवस आमच्यासकट कुणालाच पुसता येत नाही.

एकच राहिलंय. वायरलेसबाबू म्हणाले तसं बिल अर्धा इंच खाली छापतंय, तिसऱ्या प्रतीवर सही करायची जागाच उरत नाही. अण्णा रोज एकदा तरी म्हणतात, "सर्व्हर मुंबईला गेला ते ठीक, पण बिल कुठं निघालंय?" कुणाला उपाय माहीत आहे?

---

वायरलेसबाबू | ८ फेब्रुवारी, रात्री ९:४८

कागदाचा साइज मुंबईच्या मशीनवर बदलून उपयोग नाही. पेठेतल्या कॉम्प्युटरवर प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन तुमच्या बिलाच्या उंचीचा नवा फॉर्म बनवा, तोच डिफॉल्ट करा, मग रिमोटचं सेशन बंद करून परत उघडा. नुसतं मिनिमाइझ करून चालणार नाही, लॉगऑफ करा.

---

बेदाणाबॉक्स | ९ फेब्रुवारी, सकाळी १०:३१

जमलं! जागेवर आलं. पाव इंच अजून खाली आहे, पण सही बसते.